जुनी गॅस लेझर नळी पेटवताना : वाचकांचे प्रश्न

जुन्या गॅस लेझरविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक प्रश्न हेलियम-निऑनचे, म्हणजे हे दोन वायू भरलेल्या लाल किरणाच्या लेझरचे आहेत आणि ते बरोबरच आहे. हौशी माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

प्रश्न : जुन्या उपकरणातून काढलेली हेलियम-निऑन नळी मिळाली आहे. लांबी अंदाजे २५ सेंमी, वर लेबल नाही, पॉवर सप्लायही नाही. वीज न जोडता ती जिवंत आहे की मेलेली हे कळेल का?

उत्तर : बरेचसे कळते. नळी उजेडात धरा. आत मधोमध काचेची जाड भिंतीची एक बारीक नळी दिसेल, तिचे भोक १ मिमीच्या आसपास असते. लेझरची क्रिया त्या भोकातच होते. या बारीक नळीला वेढून असलेले ॲल्युमिनियमचे लांबट डबडे म्हणजे कॅथोड, ऋण टोक. त्याच्या विरुद्ध बाजूला आत डबडे नसते, नुसती धातूची टोपी आणि तिच्यावर आरसा असतो. तो ॲनोड, धन टोक. आत्ताच ॲनोडच्या बाजूला लाल खूण करून ठेवा. पुढे नळी पाइपमध्ये बसवल्यावर डबडे दिसत नाही आणि उलटी जोडणी हा नळी मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. उलट्या जोडणीत ॲनोडच्या टोकाचा धातू आयनांच्या माऱ्याने उडतो आणि शेजारच्या आरशावर जाऊन बसतो. तो थर परत निघत नाही.

मग काचेच्या आतल्या बाजूला गेटरचा डाग शोधा. सगळ्या नळ्यांत तो नसतो, पण असला तर चांगला साक्षीदार. आत राहिलेला ऑक्सिजन, नायट्रोजन शोषण्यासाठी बेरियमसारख्या धातूचा पातळ थर तिथे दिलेला असतो. डाग चकचकीत किंवा काळसर आरशासारखा असेल तर ठीक. दुधाळ पांढरा झाला असेल किंवा कडेने विरत चालला असेल तर हवा आत शिरली आहे. पूर्ण पांढऱ्या डागाच्या नळीवर वेळ घालवू नका.

आरसे कसे बसवले आहेत तेही पाहा. १९७० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या बऱ्याच नळ्यांत ते इपॉक्सीने चिकटवलेले असतात. अशा जोडातून हेलियम हळूहळू बाहेर झिरपतो आणि बाष्प आत येते. नंतरच्या नळ्यांत आरसा वितळवलेल्या काचेने जोडलेला असतो. त्या कपाटात दहा-पंधरा वर्षे पडून राहिल्या तरी पेटण्याची बरीच आशा असते.

एक सोपी चाचणी आणखी आहे. शोभेचा प्लाझ्मा गोळा कुणाकडे असेल तर अंधाऱ्या खोलीत नळी त्याच्या काचेला टेकवा. आतला दाब अजून कमी असेल तर नळीत फिकट प्रकाश दिसतो. हवेने भरलेल्या नळीत काही दिसत नाही. यावरून लेझर मिळेल की नाही ते मात्र ठरत नाही, फक्त नळी फुटकी नाही एवढे समजते.

प्रश्न : याच नळीसाठी सप्लाय कसा निवडायचा? किती व्होल्ट, किती विद्युतधारा? आणि सप्लायला जो रेझिस्टर लावायला सांगतात तो कशासाठी?

उत्तर : लेबल नसेल तर लांबीवरून ढोबळ अंदाज करतात. १५ सेंमीची नळी अर्धा ते १ मिलिवॉट देते, तिला साधारण १,००० व्होल्ट आणि ३ ते ४ मिलिअँपिअर लागतात. ३५ सेंमीची ५ मिलिवॉटच्या आसपास, तिला १,८०० व्होल्टच्या पुढे आणि ६ ते ६.५ मिलिअँपिअर. तुमची २५ सेंमीची या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे १,४०० व्होल्ट आणि ५ मिलिअँपिअर धरून चला. हे चालू स्थितीतले आकडे झाले. पेटण्याच्या क्षणी ५,००० ते १०,००० व्होल्टचा धक्का लागतो. हेलियम-निऑनसाठी बनवलेल्या सीलबंद सप्लायमध्ये त्याची सोय असते. शक्यतो असाच तयार सप्लाय घ्या. पहिल्याच नळीसाठी घरी सप्लाय बांधू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रेझिस्टर, म्हणजे बॅलास्ट, लागतोच. पेटलेल्या वायूचा स्वभाव तारेच्या उलट. धारा वाढली की नळीवरचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्ट, कमी होतो, त्यामुळे धारा आणखी वाढू पाहते. या घसरणीला आवर घालायला ७५ किलोओहम बॅलास्ट सर्रास वापरतात. हिशेब असा : ५ मिलिअँपिअर गुणिले ७५ किलोओहम म्हणजे ३७५ व्होल्ट बॅलास्टवर पडणार. नळीचे १,४०० धरून सप्लायने १,७७५ व्होल्ट टिकवून द्यायला हवेत. बॅलास्टमध्ये जवळपास १.९ वॉट उष्णता होईल. एकच रेझिस्टर न लावता १५ किलोओहम, २ वॉटचे पाच ओळीने जोडा. उष्णता वाटली जाते, आणि पेटताना येणारा उच्च विद्युतदाबही पाच जणांत विभागला जातो. एकट्या छोट्या रेझिस्टरच्या अंगावरून ठिणगी उडी मारते.

बॅलास्ट ॲनोडला अगदी लागून हवा, मधली तार ५ सेंमीपेक्षा लांब नको. लांब तार म्हणजे छोटा कपॅसिटर. तो भरतो, नळीत रिकामा होतो, पुन्हा भरतो आणि नळी लुकलुकते. ॲनोडला तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडू नका, उष्णतेने काच आणि धातूचा जोड तडकतो. स्प्रिंगची चिमटी किंवा धातूची पट्टी कसून बसवा. डाग द्यायचे तिथे, म्हणजे रेझिस्टरांच्या सांध्यांवर, ते गोलसर ठेवा. टोकदार सांध्यातून १०,००० व्होल्ट हवेत फुसफुसत निसटतात. आवाज येतो, ओझोनचा वास येतो आणि नळी पेटत नाही. तार सिलिकॉन आवरणाची, १५ ते २० किलोव्होल्टसाठीची घ्या. साधी इन्सुलेशन टेप इथे नुसती समजूत घालते, काम करत नाही.

मोजमाप कॅथोडच्या बाजूला करायचे. कॅथोड आणि सप्लायचे ऋण टोक यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा डाग देऊन बसवा आणि त्याच्या दोन टोकांत मल्टिमीटर व्होल्टवर लावा. १ व्होल्ट दिसला की १ मिलिअँपिअर. मीटरची पिन निसटली तरी मार्ग तुटत नाही. धारा मोजण्याच्या खुंटीवर मीटर थेट मध्ये घातला आणि तो निसटला तर कॅथोडची तार हजारो व्होल्टवर जाऊन बसते. नळी गोल धातूच्या आवरणात असेल तर एक फसगत लक्षात ठेवा. बऱ्याच वेळा कॅथोड आवरणाला जोडलेला असतो. सप्लायचे ऋण टोक आणि आवरण दोन्ही अर्थिंगला जोडलेली असली तर सगळी धारा रेझिस्टरला वळसा घालून जाते आणि नळी छान पेटलेली असताना मीटर शून्य दाखवतो.

ॲनोडच्या बाजूला मल्टिमीटर लावून व्होल्ट पाहण्याचा मोह टाळा. साधा मीटर १,००० व्होल्टपर्यंतचा असतो, पेटतानाच्या धक्क्याने तो जागच्या जागी जातो.

काम करताना एक हात खिशात. बंद केल्यावर १०० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लांब प्लॅस्टिकच्या काठीला बांधून सप्लायच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवा, मगच हात लावा. सप्लायपासून सोडवलेली नळीदेखील स्वतःत भार साठवून ठेवते. तो झटका लहान असतो, पण हाताला हिसका बसतो आणि नळी जमिनीवर जाते. १ मिलिवॉटच्या लेझरमध्ये खरी धास्ती किरणाची नाही, या तारांची आहे.

प्रश्न : सप्लाय जोडला. नळी सेकंदाला दोन-तीनदा चमकते आणि विझते. नळी गेली का?

उत्तर : बहुधा नाही. सप्लाय पेटवतो, पण टिकवू शकत नाही. तीन शक्यता या क्रमाने तपासा. पहिली, उलटी जोडणी. उलट्या नळीला पेटायला जास्त विद्युतदाब लागतो आणि ती स्थिर राहत नाही. म्हणून एक-दोन सेकंदांच्या वर प्रयोग न करता आधी लाल खूण पाहा. दुसरी, सप्लाय नळीला पुरा पडत नाही. ५ मिलिवॉटच्या नळीला १ मिलिवॉटवाला सप्लाय लावला की नेमके हेच होते. तिसरी, धारा फार कमी ठेवली आहे किंवा बॅलास्ट लहान अथवा दूर आहे. सप्लायवर धारा बदलायचा छोटा स्क्रू असेल तर तो प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने थोडासाच फिरवून पाहा, नाहीतर बॅलास्ट १०० किलोओहमपर्यंत वाढवा. वाढीव बॅलास्टसाठी सप्लायकडे तेवढे जादा व्होल्ट मात्र हवेत.

अजिबात न पेटणारी नळी जोडून सप्लाय मिनिटभर चालू ठेवू नका. पेटवण्याचा उच्च विद्युतदाब बाहेर वाट न मिळाल्याने सप्लायच्या आतच ठिणगी पाडतो.

आणि स्थिर पेटल्यावर धारा वाढवून उजेड वाढत नाही. हेलियम-निऑनमध्ये ठरावीक धारेला जास्तीत जास्त प्रकाश मिळतो, त्यापुढे तो घटतो. नळीचे आयुष्यही घटते.

प्रश्न : नळी स्थिर पेटते, आतला प्रकाश भरपूर आहे, पण लाल किरण बाहेर येत नाही. काय करावे?

उत्तर : आतल्या प्रकाशाचा रंग पाहा. बारीक नळीतला रंग मोतिया गुलाबी-नारिंगी, किंचित पांढुरका असेल तर वायू ठीक आहे. निऑनच्या पाटीसारखा गडद तांबडा-नारिंगी असेल तर हेलियम कमी झाला आहे. जांभळट गुलाबी किंवा निळसर असेल तर हवा शिरली आहे.

डोळ्याच्या अंदाजावर विश्वास नसेल तर जुनी सीडी घ्या. किरण ज्या टोकांतून बाहेर पडतो त्या टोकांकडे न बघता नळीच्या अंगाकडून येणारा प्रकाश सीडीवर तिरपा पडू द्या. बारीक नळी स्वतःच फटीसारखी असल्याने वेगळी फट लागत नाही. तांबड्या, नारिंगी, पिवळ्या रेषांची दाटी निऑनची. हिरव्यात ५०१.६ नॅनोमीटरला हेलियमची रेष असते, ती चांगल्या नळीत स्वच्छ दिसते. हेलियम गेलेल्या नळीत ती फिकी पडते. रेषांऐवजी निळ्या-जांभळ्या भागात रुंद पट्टे दिसले तर तो नायट्रोजन, म्हणजे हवा.

हेलियमवर एवढा भर का? वीज मुख्यतः हेलियमच्या अणूंना उत्तेजित करते आणि ते टकरीतून ती ऊर्जा निऑनला देतात. ६३२.८ नॅनोमीटरचा लाल किरण निऑनचा, पण त्याला वर चढवणारा हेलियम. आत हेलियम निऑनच्या पाच ते दहा पट असतो आणि एकूण दाब दोन-तीन टॉर, वातावरणाच्या तीनशेव्या भागाच्या आसपास.

हेलियम गेलेली इपॉक्सीवाली नळी परत आणता येते. नळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आतली हवा दाबून काढा आणि फुगे भरायचा हेलियम भरून ठेवा. दाब द्यायचा नाही, वातावरणाएवढा पुरतो. ज्या वाटेने हेलियम बाहेर गेला त्याच वाटेने तो आत येतो. बाहेर जाताना मागचा दाब २ टॉर होता, आत येताना ७६० टॉर आहे, म्हणजे वेग साधारण ३८० पट. दहा वर्षांत गेलेला हेलियम दहा दिवसांच्या आसपास परत येतो. दर दोन दिवसांनी नळी बाहेर काढून पेटवून पाहा आणि किरण सर्वांत तेजस्वी झाला की थांबा. विसरलात आणि हेलियम जास्त झाला तर किरण पुन्हा मावळतो आणि तो जादा हेलियम बाहेर जायला काही वर्षे लागतात. काचेने जोडलेल्या नळीवर हा उपाय करत बसू नका.

हवा अगदी थोडी असेल तर नळी योग्य धारेवर काही तास चालू ठेवल्याने रंग सुधारल्याचे दिसते. उडालेला धातू ती हवा बांधून ठेवतो. जांभळी झालेली नळी सुधारत नाही.

रंग उत्तम आणि तरीही किरण नाही, तर आरसे हललेले असतात. वायू प्रकाशाला एका फेरीत जेमतेम काही टक्के वाढवतो. बाहेरचा आरसा सुमारे १ टक्का प्रकाश सोडतो, मागचा जवळपास काहीच सोडत नाही. इतक्या काटेकोर हिशेबात आरसा केसभर तिरका झाला की सगळे संपते. समोर पांढरा कागद उभा करा. ३० सेंमीची सुकी लाकडी किंवा प्लॅस्टिकची काठी घेऊन आरशाच्या धातूच्या मानेला एका बाजूने हलका दाब द्या, सोडा, मग दुसऱ्या बाजूने. चारही बाजूंनी, दोन्ही टोकांना. ॲनोडच्या मानेवर पूर्ण उच्च विद्युतदाब असतो, तिथे बोट नको. एखाद्या दिशेने दाबताच कागदावर लाल ठिपका क्षणभर चमकला तर निदान झाले. वीज बंद करून, भार उतरवून, मान त्याच दिशेला अगदी थोडी वाकवायची आणि पुन्हा तपासायचे. मानेवर तीन स्क्रूंची कडी असेल तर काम सोपे, स्क्रू आठवा भाग फेरा एवढ्याच हिशेबाने फिरवा. घाईत मान जास्त वाकली तर ती परत आणताना धातू थकतो आणि जोड गळू लागतो.

प्रश्न : किरणासमोर पोलरॉइड (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी पट्टी) धरला की ठिपका काही सेकंदांत मंद होतो, पुन्हा तेज होतो. सप्लाय खराब आहे का?

उत्तर : सप्लाय ठीक आहे. नळी गरम होताना लांबते. दोन आरशांमध्ये अर्ध्या लांबीच्या लाटा बरोबर मावतील अशाच वारंवारता टिकतात, २५ सेंमी अंतराला त्या एकमेकींपासून ६०० मेगाहर्ट्झवर असतात. वायू सुमारे १,५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच प्रकाश वाढवतो, म्हणजे एका वेळी दोन-तीन वारंवारता जिवंत. आरशांतले अंतर ०.३२ मायक्रोमीटर वाढले की एक वारंवारता पट्ट्यातून बाहेर पडते, दुसरी आत येते. साध्या नळ्यांत शेजारच्या दोन वारंवारतांचे ध्रुवण, म्हणजे कंपनाची दिशा, एकमेकांशी काटकोनात असते, म्हणून पोलरॉइडमधून हा खेळ ठळक दिसतो. सुरुवातीला आवर्तन काही सेकंदांचे, मग काही मिनिटांचे. होलोग्राम करायचा असेल तर नळी अर्धा तास आधी पेटवून ठेवा.

प्रश्न : पंख्याने थंड होणारा आरगॉन लेझर स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : हेलियम-निऑनवर हात बसल्यावरच. निळा ४८८ आणि हिरवा ५१४.५ नॅनोमीटरचा प्रकाश देखणा खराच. पण नळीवर सुमारे १०० व्होल्ट आणि १० अँपिअर, म्हणजे किलोवॉटभर वीज जाते आणि बाहेर येतो काही दहा मिलिवॉट प्रकाश. बाकी सगळी उष्णता. म्हणून पंखा आधी चालू, आणि लेझर बंद केल्यावरही काही मिनिटे चालूच राहायला हवा. विकणाऱ्याने पंखा काढून ठेवलेला असेल किंवा पंख्याचा सुरक्षा स्विच तारेने जोडून टाकलेला असेल तर तो सौदा सोडून द्या.

सप्लायमध्ये बहुधा रोहित्र नसते, घरची वीज थेट एकदिशा करून वापरतात. आतला प्रत्येक भाग मेन्सच्या अंगावर असतो. यंत्र ११० व्होल्टचे की २३० चे हे प्लगवर विश्वास न ठेवता आतल्या जोडणीवरून पाहा. पेटल्यावर सर्वांत कमी धारेवर, ४ अँपिअरच्या आसपास, ठेवा. घेतलाच तर महिन्यातून एकदा तास-दोन तास चालवत जा, पडून राहिलेला आरगॉन पेटायला कुरकुरतो.

सर्वांत महत्त्वाचे : या नळ्यांचा गाभा बऱ्याच वेळा बेरिलियम ऑक्साइडचा असतो. अखंड असताना तो निरुपद्रवी, पण फुटला, घासला किंवा त्याला भोक पाडले तर धूळ फुप्फुसाला घातक. मेलेली नळी उघडून पाहायची हौस इथे नको.

प्रश्न : लाकूड कापणाऱ्या यंत्रातली जुनी कार्बन डायऑक्साइड नळी कशी ओळखावी? डोळ्यांसाठी कोणता चष्मा?

उत्तर : कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत दाखवलेला हा लेझर आजही कापण्याच्या कामात टिकून आहे. काचेच्या पाण्याने थंड होणाऱ्या नळीत तीन गोष्टी पाहा : पाण्याच्या आवरणात तडा, आरशांच्या कडेला करपलेला डाग, आणि पेटल्यावरचा रंग. निरोगी रंग फिका जांभळट गुलाबी, पांढरा पडला तर वायू बिघडला. वापराने कार्बन डायऑक्साइड फुटून कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि न वापरताही नळी म्हातारी होते. ७० सेंमीची नळी ४० वॉटची म्हणून विकली जाते तेव्हा ती नवी असतानाही बहुधा त्याहून कमीच देत असते. तिला १५ मिलिअँपिअरच्या वर नेऊ नका. पाणी डिस्टिल्ड, १५ ते २५ अंश सेल्सिअस. पाणी सुरू केल्यावर आवरणात बुडबुडा अडकलेला दिसला तर नळी गोल फिरवून पाणी बाहेर पडायचे तोंड वर आणा. बुडबुड्याखालची काच तापते आणि तडकते. पेटताना २०,००० व्होल्ट असतात आणि मागचा सप्लाय हेलियम-निऑनच्या मानाने फार दांडगा, एक चूक पुरते.

किरण १०.६ मायक्रोमीटरचा, दिसत नाही. साधा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट तो अडवतो, म्हणून पारदर्शक झाकण आणि बाजूंनी बंद असलेला पारदर्शक पॉलिकार्बोनेट चष्मा चालतो. तोच चष्मा हेलियम-निऑन किंवा आरगॉनपुढे काही कामाचा नाही, कारण ते किरण त्यातून सरळ जातात. आरगॉनला नारिंगी काचेचा, ४८८ आणि ५१४.५ नॅनोमीटर असे स्पष्ट लिहिलेला चष्मा हवा. १ मिलिवॉटच्या हेलियम-निऑनला चष्मा लागत नाही, पण किरण डोळ्याच्या उंचीवर न ठेवता मेजाच्या पातळीवर ठेवा, शेवटी काळा पुठ्ठा उभा करा, आणि काम करताना मनगटावरचे घड्याळ काढून ठेवा.